एका डोक्याला सत्तावीस शब्द

१

पोळ्याला चार दिवस उरले असताना, भर दुपारी बाराच्या उन्हात, उत्तमरावांच्या मानेवर त्यांच्याच गोठ्यातली कुऱ्हाड बसली. ते खाली मान घालून बैलाची शिंगं साळत होते. घाव एकच, पण दुसऱ्याची गरज पडली नाही. रक्ताच्या वासानं बैल बिथरला, दाव्याला हिसके देत धन्याच्याच अंगावर नाचला. माणसं पोचली तेव्हा त्यांच्या धाकट्या भावाला, रंगरावाला, मनगटातलं कडं बघून भाऊ ओळखावा लागला.

मारणाऱ्याचं नाव मात्र गावाला प्रेत बघण्याआधीच कळलं होतं. वरूडखेड म्हणजे अमडापूरपासून दोन कोसांवरचं, दीडशे उंबऱ्यांचं गाव. इंद्रभान शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, धापा टाकत आला आणि मारुतीच्या पारासमोर उभा राहून म्हणाला, "भुऱ्यानं उत्तमरावले तोडलं. म्या डोळ्यानं पाह्यलं."

भुऱ्या म्हणजे अन्नपूर्णाबाईचा एकुलता एक प्रज्वल. वय चोवीस. जन्मापासून अंगात रंगच नव्हता. कातडी दुधाची, डोळे उन्हात मिटलेले, आणि केस असे फिकट पिवळे की त्यांच्याबद्दल पुढं पुष्कळ बोलायचं आहे. आठवड्यापूर्वी उत्तमरावांनी त्याला चारचौघांत थोबाडीत मारली होती. पोळ्याच्या रांगेत तुझे बैल आणायचे नाहीत, पांढरं तोंड अपशकुनी असतं, हे त्यांचं म्हणणं. पोरगा एवढंच म्हणाला होता की हा हात एक दिवस उखडून टाकीन. गावानं ते शब्द जपून ठेवले. असल्या गोष्टी गाव फार नीट जपतं.

तो घरातल्या अंधाऱ्या खोलीत डोळ्यांवर ओलं फडकं टाकून निजला होता. तीस-चाळीस जणांनी त्याला केसांना धरून अंगणात ओढला. काठ्या, दांडके, बैल हाकायच्या तुताऱ्या, ज्याच्या हाती जे लागलं ते त्याच्यावर पडलं. एका तुतारीच्या टोकाची लोखंडी आर त्याच्या डाव्या डोळ्यात गेली. मग कुणीतरी घराला काडी लावली. पोलिसांची गाडी आली नसती तर गावात त्या दिवशी दोन सरणं रचावी लागली असती.

अन्नपूर्णाबाई शेतातून परतली तेव्हा घर धुमसत होतं, आणि अंगणात मूठमूठ फिकट केस रक्तात चिकटून पडले होते. तिनं ते एकेक करून पदरात वेचले.

२

तिला आपल्या घरी नेण्याची हिंमत गावात एकाच बाईनं केली. सिंधूताई त्यांचं नाव. अमडापूरच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, नवरा नाही, मूल नाही, जीभ मात्र विळ्याची. त्यांना एक नाद होता. वऱ्हाडी शब्द ऐकला की वहीत टिपायचा. कोण म्हणालं, कधी म्हणालं, कशावरून म्हणालं, सगळं. गाव त्यांना पाठीमागं 'शब्दाची म्हातारी' म्हणायचं आणि त्या ते नावही टिपून मोकळ्या झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदार महामाया त्यांच्या ओसरीवर आल्या. तरुण, कडक, सहा महिन्यांपूर्वी साताऱ्याकडून बदलून आलेल्या. साक्षीदारांचे जबाब वऱ्हाडीत होते आणि निम्मे शब्द त्यांना कळत नव्हते, म्हणून बाईंची आठवण झाली. प्रज्वल बुलढाण्याच्या दवाखान्यात बेशुद्ध होता, दाराशी शिपाई होता. शुद्धीवर आला की अटक, हे ठरलेलंच होतं.

हा पोरगा सिंधूताईंच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायचा, कारण मागून फळा दिसायचा नाही. फाशी नाही तरी जन्मठेप, आणि जामिनावर सुटला तर गाव उरलेलं काम पुरं करील. त्याच्यासाठी बोलणारं आतल्या खोलीत गुडघ्यात डोकं घालून बसलेल्या आईशिवाय कुणी नव्हतं.

"बाई, अगदी साधी केस आहे," महामाया म्हणाल्या. "तीन जणांनी पाहिलं. चेहरा कुणालाच दिसला नाही, पाठमोरा होता, पण असे केस या तालुक्यात दुसऱ्या कुणाचे आहेत का?"

"नाहीत," सिंधूताई म्हणाल्या. "काय शब्द वापरला त्यांनी केसांसाठी?"

फौजदारीणबाईंनी कागद उलटले. पुष्पाबाई, नाल्यापलीकडे सोयाबीन निंदत होती, म्हणाली अंबाडीवानी. कडूबा, टेकाडावर शेळ्या चारत होता, तोही म्हणाला अंबाडीवानी. इंद्रभान वीस पावलांवर होता, तो म्हणाला कणसाच्या जटेवानी.

सिंधूताई उठल्या, फडताळातून वही काढली आणि एक पान उघडून समोर ठेवलं. त्या पानावर प्रज्वलच्या केसांसाठी वीस वर्षांत गावाच्या तोंडून ऐकलेले सत्तावीस शब्द होते. मक्याच्या कोवळ्या कणसाची जटा, शेवरीचा कापूस, वाळल्या गव्हाची कुसळं, भुरंगट, घारवट, कवळ्या उन्हाचं, म्हातारीचं सूत. काही मायेचे होते, बरेच टवाळीचे.

"यात अंबाडी शोधा," त्या म्हणाल्या.

महामायांनी बोट फिरवत पान दोनदा वाचलं. अंबाडी कुठंच नव्हती.

३

पुष्पाबाईनं आधी हात जोडले, मले कोर्टात नेऊ नका म्हणाली. मग सिंधूताईंनी चहा मागितला, तशी ती मोकळी झाली. उकाडा असा होता की लुगडं अंगाला चिकटलं होतं, पान हालत नव्हतं. पाणी प्यायला उभी राहिली तोच उत्तमरावांच्या गोठ्याकडून एक माणूस पळत निघाला. उघडं डोकं, पाठीवर रुळणारे केस. तो मक्यात शिरला.

"तू प्रज्वलले लहानपणापासून पाहतं," सिंधूताई म्हणाल्या. "तुझ्याच तोंडचा शब्द माझ्या वहीत आहे, शेवरीचा कापूस. मग काल अंबाडी काऊन म्हटलं?"

पुष्पाबाईनं कपबशी खाली ठेवली. हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता.

"मले तसंच दिसलं, बाई," ती शेवटी म्हणाली. "त्याचे केस कसे, जरा पळला का भुरुभुरु उडतात. हे नाई उडले. जुडी बांधून टांगल्यावानी हालले. म्या म्हटलं, घामानं झाले असतील."

महामायांनी ते लिहून घेतलं, पण बाहेर येताच म्हणाल्या की दीडशे पावलांवरून दिसलेल्या गोष्टीवर कोर्ट हसेल. वाटेत रंगराव भेटला. डोकं भादरलेला, डोळे लाल. भावाशी त्याचं धुऱ्यावरून दहा वर्षं भांडण होतं आणि आता सगळं वावर त्याच्याच हाती येणार होतं. तो सिंधूताईंवरच खेकसला, की खुन्याच्या मायले घरात ठेवता, तुमच्याही घराले काडी लागायले वेळ नाई. पंचवीस वर्षांपूर्वी बाराखडी शिकवलेल्या माणसानं ही धमकी दिली, याचा त्यांना सगळ्यात जास्त राग आला.

"याला संशयातून सोडू नका," महामाया हळूच म्हणाल्या.

"याच्या घरात सुतक आहे," सिंधूताई म्हणाल्या. "यंदा त्याच्या बैलांना पोळा नाही." आणि बोलता बोलता त्या स्वतःच वाटेत थांबल्या.

४

पोळ्याला बैलाच्या अंगावरचं जुनं सगळं उतरतं. वेसण नवी, कासरा नवा, कपाळावरचा गोंडा नवा, आणि हे सगळं अंबाडीच्या सुताचं. अंबाडीचं झाड पाण्यात सडवून, सोलून, धुऊन काढलेलं हे सूत वाळलं की लांब, सरळ आणि फिकट पिवळं होतं. वरूडखेडात त्याचे दोर वळायचं काम कडूबाचं. प्रत्येक घर आपली अंबाडी त्याच्याकडे देतं, तो वळून परत करतो.

दोघी त्याच्या दारी गेल्या तेव्हा कडूबा जमिनीवर सांडलेल्या सुताच्या तारा वेचून मडक्यात टाकत होता. कचरा चुलीत का घालत नाहीस, असं महामायांनी विचारलं, तेव्हा म्हातारा दचकला. बैलाच्या नावानं काढलेली अंबाडी बैलाच्या अंगाला लागण्याआधी जाळली तर त्या वर्षी बैल बसतो तो उठत नाही, हे आजोबापासून ऐकलेलं त्यानं सांगितलं. या गावात माणूस एकवेळ खोटी शपथ घेईल, पण पोळ्याआधी अंबाडी चुलीत घालणार नाही.

"कडूबा, तू काल पाहिलं ते केस व्हते का?" सिंधूताईंनी विचारलं.

कडूबाचे हात थांबले. साठ वर्षं ज्या हातांनी एकच वस्तू वळली त्यांना ती लांबूनही ओळखू येते, हे बाईंना ठाऊक होतं. पण म्हाताऱ्यानं स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नव्हता. तोंडून खरं निघून गेलं होतं आणि गावानं त्याची उपमा करून टाकली होती.

"फणीनं विंचरलेली, पहिल्या हाताची, न वळलेली अंबाडी," तो पुटपुटला. "मले वाटलं, म्हाताऱ्याचे डोळे. आन् भुऱ्याशिवाय दुसरं कोण असंन?"

"यंदा अंबाडी देऊन कोणी परत नेली का? न वळता?"

कडूबानं दाराकडे बघितलं, मग खाली बघितलं. सांगितलं तर आपलं घर राहील का, एवढंच त्यानं विचारलं. महामायांनी त्याला शब्द दिला. तेव्हा त्यानं नाव घेतलं, आणि ते रंगरावाचं नव्हतं.

५

इंद्रभान अंगणात बैल धूत होता. पंचेचाळीसचा, दणकट, मिशा आणि केस नुकतेच काळे केलेले. त्यानं बाजा टाकल्या, पाणी दिलं, अन्नपूर्णाबाईची आस्थेनं चौकशीही केली. शेवटी म्हणाला, पोरगं वाईट नव्हतं, रागानं घात केला.

सिंधूताईंनी त्याला पुन्हा सगळं सांगायला लावलं. तो न अडखळता बोलला. धुऱ्यावरून येत होता, वीस पावलांवर भुऱ्या गोठ्यातून निघाला, हाताला रक्त. केस कसे दिसले, असं बाईंनी विचारलं, आपल्या वहीसाठी म्हणून.

"कणसाच्या जटेवानी, बाई. ऊन पडलं व्हतं त्यावर. वाऱ्यानं भुरुभुरु उडून राह्यले व्हते."

बाईंनी ते त्याच्यासमोरच वहीत लिहिलं आणि त्याच्या बैलजोडीचं कौतुक करून उठल्या.

गाडीत बसल्यावर महामायांनी विचारलं, की हा तर प्रज्वलच्या केसांचं अगदी बरोबर वर्णन करतो, मग यात चूक काय?

"बरोबर करतो, हीच चूक," सिंधूताई म्हणाल्या. "दोघं लांबून बघतात. एकमेकांशी बोललेली नाहीत. दोघांनाही जड, न उडणारी अंबाडी दिसते. सगळ्यात जवळचा माणूस मात्र उडणारे केस सांगतो. त्या दुपारी पान हालत नव्हतं, पुष्पाबाईचं लुगडं अंगाला चिकटलं होतं. वारा आला कुठून? दोघांनी पाहिलं ते सांगितलं. यानं रोज पाहतो ते सांगितलं, कारण त्या वेळचं डोकं त्याला दिसणं शक्यच नव्हतं. ते त्याच्या स्वतःच्या धडावर होतं."

बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी कालच अन्नपूर्णाबाई रडता रडता बोलून गेली होती. प्रज्वलला उन्हात दहा पावलांवरचा माणूस आणि झाड यांतला फरक कळत नाही. तो बाराच्या उन्हात डोक्याला रुमाल गुंडाळल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाय ठेवत नाही, कातडी भाजून निघते. खुनी मात्र डोकं उघडं ठेवून, चांगलं दिसेल असं पळाला. ज्याला ऊन सोसतं त्यालाच हे सुचतं.

"पण कशासाठी? उत्तमरावांशी याचं भांडण तरी होतं का?"

"भांडण बैलांचं. पोळ्याला तोरणाखालून पहिली जोडी उत्तमरावांची, सात पिढ्या. दुसरी इंद्रभानची. दोन वर्षांपूर्वी यावरूनच डोकी फुटली होती. मानकऱ्याच्या घरी सुतक पडलं की मान दुसऱ्याकडे जातो, आणि आमच्या भागात एकदा गेला तो कायमचा गेला."

बाहेरच्या माणसाला हे वेड वाटेल. पण तोरणाखालून दुसरा जाणारा माणूस वर्षभर प्रत्येक लग्नात, प्रत्येक पंगतीत दुसराच बसतो, आणि कुणी आयुष्यभर दुसरं बसून सडून जातं.

"पुरावा?" महामाया म्हणाल्या. "ती अंबाडी त्यानं केव्हाच जाळली असेल."

"माणूस कापायला तो भ्यायला नाही," सिंधूताई म्हणाल्या. "पण ती जाळायला भ्याला असेल. तीन दिवसांनी पोळा आहे, बघू."

६

तोरण मारुतीसमोर बांधलं होतं. डफडं वाजत होतं. उत्तमरावांच्या घरची माणसं दारं लावून आत बसली होती, आणि रांगेच्या तोंडाशी इंद्रभान फेटा बांधून उभा होता, खांद्यावर तुतारी. त्याच्या बैलांच्या अंगावर झुली, शिंगांना बेगड, आणि उजव्या बैलाच्या कपाळावर टोपलीएवढा गुलाबी गोंडा. डाव्याचा बाजारातून आणलेला, लहान होता.

सिंधूताई सरळ बैलासमोर गेल्या. बाईमाणूस पोळ्याच्या रांगेत शिरलेलं कुणाला आवडलं नाही, कुणीतरी शिवी दिली. त्यांनी गोंडा हातात धरला. बाहेरून रंग चांगला बसला होता. आतल्या पदरात मात्र वीतभर जागी रंग धरलाच नव्हता, तिथं सूत वाळल्या रक्तासारखं काळपट, कडक आणि एकमेकांना चिकटलेलं होतं.

"कडूबा, हा गोंडा तुझ्या हातचा का?"

"नाई," कडूबा म्हणाला. तो पुढं आला आणि त्यानं वरची गाठ सोडली.

गोंडा उलगडला. सूत गाठीला नव्हतं, एका कापडी पट्टीवर रांगेनं शिवलेलं होतं. पट्टी माणसाच्या डोक्याच्या मापाची होती आणि तिच्या शिवणीत चार-सहा आखूड केस अडकले होते, काळे केलेले, मुळाशी पांढरे.

डफडं थांबलं. इंद्रभाननं तुतारी दोन्ही हातांनी उचलून सिंधूताईंच्या डोक्यावर उगारली. कडूबा मध्ये आला, त्याच्या खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज पहिल्या रांगेनं ऐकला. दुसरा घाव बाईंच्या कपाळावरून घसरला आणि डोळ्यांत रक्त उतरलं. बैल उधळले, तोरण तोडून गर्दीत घुसले, दोघं तुडवले गेले. महामायांनी इंद्रभानला मागून गुडघ्यात लाथ घातली आणि मातीत पाडून हातकडी अडकवली.

"उत्तमराव माह्या बापाले दुसरा म्हणून हसला व्हता," मातीत तोंड असताना तो म्हणाला. "आज म्या पहिला गेलो असतो."

मग गाव सरसावलं. तेच दांडके, त्याच तुताऱ्या. इंद्रभानच्या बरगड्यांवर दोन-चार बसलेही. सिंधूताई रक्त पुसत मध्ये उभ्या राहिल्या. ज्यांना त्यांनी शिकवलं होतं त्यांची तोंडं त्या एकेक करून बघत गेल्या.

"चार दिवसांमागंही तुम्हाले खुनी सापडला व्हता," त्या म्हणाल्या. "हेच हात व्हते."

कुणी वर बघेना. रंगरावानं, आपल्या घरात सुतक असूनही जो दारातून बाहेर आला होता, हातातला दांडका खाली टाकला. त्याच्या टोकाला अजून सुकलेलं रक्त होतं आणि ते कुणाचं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

७

बुलढाण्याच्या दवाखान्यात सिंधूताई गेल्या तेव्हा दाराशी शिपाई नव्हता. प्रज्वल शुद्धीवर होता. डावा डोळा गेला होता. टाके घालायला डोकं पूर्ण भादरलं होतं, आणि कवटीवर काळ्या दोऱ्याच्या शिवणी दिसत होत्या. अन्नपूर्णाबाई शेजारी बसली होती, तिच्या मांडीवर पदराची एक गाठ होती.

बाईंनी सगळं सांगितलं. शेवटी पोरगा म्हणाला, "बाई, तुमच्या वहीत माह्या केसाले लय शब्द हायेत म्हणे. वाचून दाखवा."

त्यांनी पान काढलं आणि वाचायला लागल्या. दहा-बारा शब्द झाले असतील, त्या थांबल्या. प्रत्येक शब्दापुढं तो कुणी उच्चारला त्याचं नाव त्यांनीच नीट लिहून ठेवलं होतं. त्यातली पंधरा नावं अंगणातल्या त्या गर्दीत होती. वीस वर्षं आपण शब्द गोळा करतोय असं त्यांना वाटत होतं, आणि खरं तर गाव त्या पोराला दुरून न्याहाळत होतं, तेच त्या टिपत होत्या. त्यांना स्वतःची लाज वाटली आणि त्यांनी वही मिटली.

"मले तं आरशात नुसता उजेड दिसते," प्रज्वल म्हणाला. "कसे व्हते ते मायलेच माहीत."

सिंधूताईंच्या तेव्हा ध्यानात आलं, की अख्ख्या गावाला विचारलं, पण जिनं ते केस रोज विंचरले तिला कधी विचारलंच नाही. त्यांनी आता विचारलं.

अन्नपूर्णाबाईनं पदराची गाठ सोडली. आत धुतलेले, वाळवलेले फिकट केस होते. "मले तं अजून जावळच वाट्टे," ती म्हणाली. जावळ म्हणजे तान्ह्या लेकराचे पहिले केस.

बाईंनी वही पुन्हा उघडली, नवं पान घेतलं आणि तेवढा एकच शब्द लिहिला. आई पोराच्या भादरलेल्या डोक्यावर, टाके चुकवत, हळूहळू तेल लावत होती.

"आता नवं येईन," ती म्हणाली. "बाई, त्याले कोणी धरून ओढू नये, येवढं पाहा."